नागपुरात हायड्रोजन तंत्रज्ञ घडवायचे, तर सुरुवात कोठून करावी?

हायड्रोजन आणि फ्युएल सेल (हायड्रोजनपासून थेट वीज बनवणारे साधन) यांच्या उद्योगासाठी माणसे तयार करायचे ठरले की बहुतेक संस्था आधी नवी इमारत, मग यंत्रसामग्री, मग अभ्यासक्रम आणि सर्वांत शेवटी शिक्षक असा विचार करतात. नागपूरने हा क्रम उलटा लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या शहराकडे माणसे आधीपासून आहेत. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच, खापरखेड्याचे २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक संच, या सर्वांची जनित्रे थंड ठेवण्यासाठी हायड्रोजन वापरला जातो. म्हणजे शहराच्या उत्तर वेशीवर काम करणारे अनेक ऑपरेटर आणि फिटर वर्षानुवर्षे दाबाखालचा, जवळजवळ शुद्ध हायड्रोजन हाताळत आले आहेत. फक्त त्यांना कोणी ‘हायड्रोजन तंत्रज्ञ’ म्हटलेले नाही.

त्यात भर म्हणजे, देशभरातील गॅस सिलिंडर, दाबपात्रे आणि इंधन केंद्रे यांना परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे. १९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही येथेच आहे. व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९४२ पासून रसायन तंत्रज्ञान शिकवणारी एलआयटी आणि पाण्यावर काम करणारी नीरी या संस्था एकमेकींपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. इतक्या गोष्टी एका शहरात असणे दुर्मीळ आहे, आणि त्यांना एका कार्यशाळेत आणून बसवणे हेच खरे काम आहे.

देशपातळीवरची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित (म्हणजे सौर-पवन अशा अक्षय विजेवर बनवलेल्या) हायड्रोजनची निर्मितीक्षमता आणि सहा लाखांहून अधिक रोजगार, अशी उद्दिष्टे ठेवलेली आहेत. महाराष्ट्रानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. पुढील मार्गदर्शन आयटीआयचे प्राचार्य, तंत्रनिकेतनांचे विभागप्रमुख आणि नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा औद्योगिक परिसरातील उद्योजक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. बारा ते सोळा प्रशिक्षणार्थींची एक तुकडी, सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम आणि एक मध्यम आकाराची कार्यशाळा, एवढ्याच प्रमाणात सुरुवात करावी असे मी धरून चाललो आहे.

पहिली पायरी : कामे निश्चित करा

‘हायड्रोजनचा कोर्स’ नावाची गोष्ट कोणत्याही कारखान्याच्या भरतीच्या यादीत नसते. कारखान्याला नळ्या जोडणारा, वेल्डिंग करणारा, गॅस डिटेक्टरचे कॅलिब्रेशन (मापनाची अचूकता जुळवणे) करणारा, इलेक्ट्रोलायझरच्या (विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन बनवणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलवर बसणारा, पाणी शुद्ध करणारा, सिलिंडर भरणारा आणि स्टॅक (एकापुढे एक रचलेल्या सेलचा संच) बांधणारा माणूस लागतो. म्हणून अभ्यासक्रम लिहिण्याआधी संस्थेच्या दोन व्यक्तींनी पंधरा दिवस केवळ फिरावे. वीज केंद्रातील हायड्रोजन विभाग, शहरातील सीएनजी केंद्रे, औद्योगिक वायू पुरवणारे व्यावसायिक, रुग्णालयांतील ऑक्सिजन प्रणाली सांभाळणारे आणि वनस्पती तुपासाठी तेलाचे हायड्रोजनीकरण करणारे कारखाने, यांपैकी जेथे प्रवेश मिळेल तेथे जाऊन एकच प्रश्न विचारावा : ‘तुमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाच्या हातून पहिल्या सहा महिन्यांत कोणती चूक होते?’ या प्रश्नाच्या उत्तरांतून जी यादी तयार होईल, ती कोणत्याही तयार अभ्यासक्रमापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. विदर्भात केवळ हायड्रोजनवर चालणाऱ्या नोकऱ्या आज थोड्या आहेत. त्यामुळे प्रशिक्षणार्थीच्या हाती असे कौशल्य द्यावे, जे उद्या इलेक्ट्रोलायझरवर चालेल आणि आज सीएनजी, ऑक्सिजन, औद्योगिक वायू किंवा वीज केंद्रातही चालेल. उच्च दाबाची नळीजोडणी, गळती तपासणी, धोकादायक क्षेत्रातील विद्युत उपकरणे आणि वर्क परमिटची (धोक्याचे काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीची) शिस्त ही चार कौशल्ये दोन्हीकडे लागतात. फ्युएल सेलच्या स्वप्नावर मुलांना बोलावून त्यांना वर्षभर घरी बसवणे हा अन्याय आहे, आणि तो टाळण्याची जबाबदारी संस्थेची आहे.

दुसरी पायरी : कोणाला प्रवेश द्यावा

दहावीनंतर थेट प्रवेश देऊ नये. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट या व्यवसायांचे आयटीआय प्रमाणपत्र असलेले किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल व केमिकलचे पदविकाधारक यांनाच घ्यावे. त्यांना मूळ कौशल्य येते असे गृहीत धरून आपण केवळ वरचा थर द्यायचा आहे. तुकडीत निरनिराळ्या व्यवसायांची मुले मुद्दाम मिसळावीत, कारण प्रत्यक्ष प्रकल्पावर फिटरने केलेल्या जोडाची तपासणी इन्स्ट्रुमेंटवाला करतो आणि इलेक्ट्रिशियनने दिलेल्या परमिटवर वेल्डर काम करतो.

प्रवेश परीक्षा हाताची घ्यावी. सहा मिलिमीटरची स्टीलची नळी मोजून कापणे, तिच्या कडा साफ करणे, एक दाबमापक वाचणे आणि दहा ओळींची सूचना वाचून ती त्याच क्रमाने पार पाडणे, एवढे एका सकाळी तपासता येते. शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. सूचना अर्धवट वाचून हात घालणारा मुलगा कितीही हुशार असला तरी या क्षेत्रात धोका ठरतो. मुलींसाठी जागा राखून ठेवाव्यात, आणि त्यांना नियंत्रण कक्षापुरते मर्यादित न ठेवता नळीजोडणी व गळती तपासणीतही तितकेच तास द्यावेत.

तिसरी पायरी : शिक्षकांची जोडी

या विषयाचे तयार शिक्षक बाजारात मिळणार नाहीत. माझा आग्रह असा की प्रत्येक विषयाला दोघांची जोडी असावी : आयटीआयमधील एक शिल्पनिदेशक, ज्याला शिकवता येते, आणि वीज केंद्रातून किंवा वायू उद्योगातून निवृत्त झालेला एक कामगार, ज्याच्या हाताला सवय आहे. यांपैकी कोणीही एकटा पुरेसा नाही. निवृत्त ऑपरेटरला फळ्यासमोर उभे राहणे अवघड वाटते, तर निदेशकाने हायड्रोजनचा व्हॉल्व्ह कधी उघडलेला नसतो. दोघांना तुकडी सुरू होण्यापूर्वी सहा आठवडे एकत्र काम करू द्यावे आणि सर्व प्रात्यक्षिके त्यांनी आधी स्वतः करून पाहावीत.

या निवृत्त माणसांकडे काय असते, ते एका प्रसंगातून सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी एका वीज केंद्रात उपकरण विभागात होतो. दुरुस्तीसाठी जनित्रातील हायड्रोजन काढून टाकण्याचे काम रात्री चालू होते. हायड्रोजन आणि हवा यांची थेट गाठ पडू नये म्हणून मध्ये कार्बन डायऑक्साइड भरतात. म्हणजे आधी कार्बन डायऑक्साइडने हायड्रोजनला बाहेर ढकलायचे आणि मग हवा आत घ्यायची. त्या रात्री कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर कमी पडले आणि काम लवकर उरकण्याचा तगादा सुरू झाला. ‘एवढा वेळ वायू सोडला आहे, आता पुरे’ असे दोघे-तिघे म्हणत होते. तेथील ज्येष्ठ ऑपरेटरने शांतपणे शुद्धतामापकाकडे बोट दाखवले आणि तो आकडा ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत पुढच्या व्हॉल्व्हला कोणाला हात लावू दिला नाही. सिलिंडर दुसरीकडून आणावे लागले आणि दोन तास गेले. पर्जिंग, म्हणजे एक वायू दुसऱ्याने बाहेर ढकलणे, घड्याळावर पूर्ण होत नाही, ते मापकावर पूर्ण होते, हा धडा मी त्या रात्री शिकलो, आणि तो शिकवू शकणारी माणसे आज नागपुरात घरी बसून आहेत.

वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणींमध्ये मिथेन मोजणाऱ्या अनुभवी माणसांनाही दोन-तीन दिवसांसाठी बोलवावे. आकडा पाहून काम थांबवण्याची सवय त्यांना चांगली असते.

चौथी पायरी : हायड्रोजनचा स्वभाव समजावून देणे

पहिले दोन आठवडे केवळ स्वभावावर घालवावेत, पण प्रत्येक गुणधर्माला एक कृती जोडावी. नुसता आकडा पाठ झाला तर तो परीक्षेनंतर विसरला जातो.

हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका आहे, म्हणून तो छताकडे जातो. त्यावरून शिकायची कृती अशी की, एलपीजीचा डिटेक्टर जमिनीजवळ लावतात, हायड्रोजनचा मात्र छताच्या सर्वांत उंच बिंदूजवळ लावावा लागतो. खोटे छत, उलट्या वाटीसारख्या तुळया आणि बंद कोपरे ही वायू साठण्याची ठिकाणे असतात. प्रशिक्षणार्थींना आपल्याच कार्यशाळेच्या छताचा आराखडा काढून अशा जागा लाल रंगाने दाखवायला सांगावे.

हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात तो पेट घेऊ शकतो. मिथेनचा पल्ला ५ ते १५ टक्के आहे, त्यामुळे सीएनजीवर काम केलेल्या माणसाचा अंदाज येथे चुकतो. सर्वसाधारणपणे ज्वलनाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्के, म्हणजे हवेत ०.४ टक्के हायड्रोजन झाला की धोक्याची घंटा, आणि २५ टक्के, म्हणजे १ टक्का झाला की पुरवठा आपोआप बंद, अशी रचना ठेवतात. हे दोन आकडे प्रत्येकाला झोपेतही सांगता आले पाहिजेत.

तो पेटवायला लागणारी ऊर्जा केवळ ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास असते. मिथेनला याच्या दहा-पंधरा पट ऊर्जा लागते. माणसाला अंगातून निघणारी स्टॅटिक ठिणगी साधारण १ मिलिज्यूलच्या पुढे जाणवते. याचा अर्थ, आपल्याला कळणारही नाही अशी ठिणगी हायड्रोजनला पुरेशी असते. नागपूरच्या हवामानात हा मुद्दा विशेष गंभीर आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. म्हणून सुती किंवा स्टॅटिकविरोधी गणवेश, योग्य पादत्राणे, कामापूर्वी अर्थ केलेल्या पट्टीला हात लावण्याची सवय आणि प्रत्येक फ्लँजला (नळ्या बोल्टने जोडणाऱ्या चकतीला) जोडलेली अर्थिंगची पट्टी तपासणे, या गोष्टी दुय्यम समजू नयेत.

त्याला वास नाही, रंग नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. घरगुती गॅसमध्ये मिसळतात तसा गंधकयुक्त वास फ्युएल सेलसाठीच्या हायड्रोजनमध्ये मिसळता येत नाही, कारण गंधक उत्प्रेरकाला मारते. त्यामुळे सर्व भिस्त उपकरणांवर राहते. यातील एक सापळा मुद्दाम शिकवावा : मिथेनसाठी वापरले जाणारे इन्फ्रारेड डिटेक्टर हायड्रोजन ओळखूच शकत नाहीत. सीएनजी केंद्रातून आणलेले उपकरण खोलीत लावून निर्धास्त राहिल्यास ते शेवटपर्यंत गप्प राहील. कॅटॅलिटिक किंवा इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर घ्यावेत आणि त्यांचे कॅलिब्रेशन हायड्रोजनच्या प्रमाणित मिश्रणावरच करावे.

तसेच विद्युत उपकरणाच्या पाटीवरील गट वाचायला शिकवावे. हायड्रोजनसाठी आयआयसी गटाचे उपकरण लागते. आयआयए किंवा आयआयबी लिहिलेला दिवा, मोटर किंवा जंक्शन बॉक्स ‘फ्लेमप्रूफ’ असला तरी येथे चालत नाही.

शेवटी दाब. १५ अंशांना १५० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरलेला सिलिंडर ४५ अंशांच्या उन्हात ठेवला तर आतील दाब सुमारे १६५ बार होतो. हे गणित प्रत्येकाने वहीत सोडवावे आणि मग मे महिन्यातील आपल्या सिलिंडर शेडचे तापमान स्वतः मोजून ते पुन्हा सोडवावे.

पाचवी पायरी : हात तयार करणे

अभ्यासक्रमाच्या एकूण वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ या पायरीला द्यावा. कारण सांगतो. १० जून २०१९ रोजी नॉर्वेत ओस्लोजवळील सांडविका येथील हायड्रोजन भरणा केंद्रात स्फोट झाला. तपासात आढळले की उच्च दाबाच्या साठवण टाकीच्या एका प्लगचे बोल्ट जोडणीच्या वेळी योग्य टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळलेले नव्हते. तंत्रज्ञान चुकले नव्हते, पान्याचे काम चुकले होते. त्याआधी काही दिवस, २३ मे २०१९ रोजी, दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे हायड्रोजनच्या टाकीचा स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. तेथे टाकीतील हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मर्यादेबाहेर मिसळला गेला होता. पहिली घटना फिटरच्या धड्यात आणि दुसरी ऑपरेटरच्या धड्यात तपशिलासह शिकवावी.

हाताचे काम चार टप्प्यांनी चढवावे आणि एक टप्पा पार केल्याशिवाय पुढचा देऊ नये. पहिल्या टप्प्यात पाणी : नळीजोडणी करून पाण्याच्या दाबावर ती तपासायची, कारण पाण्यात साठलेली ऊर्जा वायूच्या तुलनेत फार कमी असते आणि जोड निसटला तरी इजा होण्याची शक्यता कमी राहते. दुसऱ्या टप्प्यात नायट्रोजन. तिसऱ्यात नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजनचे तयार मिश्रण, जे पेट घेत नाही पण ज्यावर हायड्रोजनचा गळतीशोधक वाजतो. या मिश्रणाने विद्यार्थ्याला खऱ्या गळतीचा शोध भीतीविना घेता येतो, म्हणून माझ्या मते हा टप्पा सर्वांत शिकवणारा आहे. चौथ्या टप्प्यात, लेखी व तोंडी परीक्षेनंतरच, शुद्ध हायड्रोजन.

जोडाचे तंत्र नीट समजावावे. दोन फेरूलच्या (नळीला पकडणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) कॉम्प्रेशन फिटिंगसाठी नळी हॅकसॉने न कापता कटरने कापावी, आतील व बाहेरील कड साफ करावी, नळी फिटिंगच्या तळापर्यंत टेकवावी, नट बोटांनी घट्ट बसवावा, त्यावर खूण करावी आणि मग सहा मिलिमीटर व त्यावरील नेहमीच्या नळ्यांना सव्वा फेरा द्यावा. नंतर नटाखालची फट मोजणारा गॅप गेज घालून पाहावा. गेज आत गेला तर नट अजून आवळायचा आहे. एका कंपनीचा नट आणि दुसऱ्या कंपनीचे फेरूल कधीही एकत्र करू नये, जरी ते दिसायला सारखे असले आणि हाताला सारखे लागले तरी. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान शंभर जोड करावेत आणि त्यांतील दहा निदेशकाने आडवे कापून आतील फेरूलची पकड त्याला दाखवावी. स्वतःचा चुकलेला जोड कापून पाहिल्यावर जे समजते, ते चित्रावरून समजत नाही.

सिलिंडरच्या बाबतीत : ज्वलनशील वायूंच्या सिलिंडर जोडणीला डावे आटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावून आटे खराब करणे ही नवख्याची ठरलेली चूक आहे, तिच्यासाठी जुना रद्द केलेला व्हॉल्व्ह सरावाला ठेवावा.

वेल्डरसाठी ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या पातळ नळ्यांचे टिग (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि निष्क्रिय वायू वापरून केलेले) वेल्डिंग, आतून आर्गॉनचे पर्जिंग करून, शिकवावे. उच्च दाबाचा हायड्रोजन काही पोलादांच्या आत शिरून त्यांना ठिसूळ करतो, म्हणून हाताशी असलेली कोणतीही नळी वापरून वेळ भागवता येत नाही. बॉयलरच्या कामात वाकबगार असलेल्या नागपूर-चंद्रपूरच्या वेल्डरांना हे फार लवकर येते, असा माझा अनुभव आहे. त्यांना फक्त स्वच्छतेची नवी पातळी स्वीकारावी लागते.

नायट्रोजनचा धोका विसरू नये. सर्व जण हायड्रोजनला घाबरतात आणि बंद खोलीत नायट्रोजन सोडून देतात, जो गुपचूप श्वास कोंडतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की खोली सोडायची, हा नियम पहिल्या दिवसापासून लावावा.

सहावी पायरी : इलेक्ट्रोलायझर आणि फ्युएल सेल

येथे विद्यार्थ्याला यंत्रामागचा हिशोब कळला पाहिजे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३.३ किलोवॉट-तास ऊर्जा असते, आणि तो बनवायला प्रत्यक्षात ५० ते ५५ किलोवॉट-तास वीज लागते. रसायनशास्त्राच्या हिशोबाने एका किलोला ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी धरले तर अधिक. हे पाणी अत्यंत शुद्ध, म्हणजे विद्युतवाहकता १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा कमी, असावे लागते. नागपूर महापालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, त्यामुळे पाणी शुद्धीकरणाचे मोठे काम जवळून पाहण्याची सोय शहरात आहे. आरओ आणि आयन एक्स्चेंज सांभाळणारा माणूस हा हायड्रोजन उद्योगातील दुर्लक्षित पण अत्यावश्यक तंत्रज्ञ आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र दोन आठवडे द्यावेत.

अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे गरम द्रावण फिरते. ते डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे आयवॉश कोठे आहे, तो सुरू होतो का, हे प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला तपासायला लावावे. ऑपरेटरला शिकवायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कमी भारावरील धोका. सौर वीज ढगांमुळे कमी झाली की ऑक्सिजन कमी तयार होतो, पण पडद्यातून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही; परिणामी ऑक्सिजनमधील हायड्रोजनची टक्केवारी वाढते. बहुतेक संचांत ती २ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की यंत्र बंद पडते. हा ट्रिप का आला हे न समजता तो वारंवार रीसेट करणारा ऑपरेटर अपघाताची तयारी करत असतो.

फ्युएल सेलसाठी एक-दोन किलोवॉटचा पीईएम (प्रोटॉन जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याचा) स्टॅक पुरेसा आहे. एका सेलचा सैद्धांतिक व्होल्टेज १.२३ असतो, भारावर तो ०.६ ते ०.७ च्या जवळपास राहतो, आणि कामाचे तापमान साधारण ६० ते ८० अंश असते. विद्यार्थ्याने भार टप्प्याटप्प्याने वाढवत व्होल्टेज आणि करंटचा आलेख स्वतः काढावा, मग आर्द्रता कमी करून पुन्हा काढावा, आणि दोन आलेखांतील फरक शब्दांत लिहावा. वाहनांसाठीच्या हायड्रोजनच्या आयएसओ १४६८७ या मानकात कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.२ भाग) आणि गंधक ०.००४ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. तेलकट हाताने लावलेले गॅस्केट या स्टॅकला का सोसत नाही, हे त्यावरून पटते. इलेक्ट्रिशियनला एक वेगळी सूचना द्यावी : स्टॅक बंद केला तरी आत वायू शिल्लक असेपर्यंत त्याच्या टोकांवर व्होल्टेज राहतो, आणि डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. मीटरने शून्य पाहिल्याशिवाय हात लावू नये.

सातवी पायरी : परवानगी, जागा आणि आग

उपकरणे मागवण्यापूर्वी आराखडा घेऊन पेसोकडे जावे; खरेदीनंतर जाणे महागात पडते. सिलिंडरच्या साठ्यासाठी गॅस सिलिंडर नियम, २०१६ आणि स्थिर टाक्यांसाठी स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स (अनफायर्ड) नियम, २०१६ पाहावे लागतात. हे दोन्ही नियम विद्यार्थ्यांनाही वाचायला द्यावेत, आणि शक्य असल्यास एखाद्या अधिकाऱ्यांकडून तपासणीच्या वेळी ते नेमके काय पाहतात हे ऐकवावे. सिलिंडर इमारतीबाहेर, सावलीत, तिन्ही बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये ठेवावेत आणि आत फक्त कमी दाबाची एक नळी आणावी.

आगीच्या धड्यासाठी अग्निशमन महाविद्यालयाशी किंवा महापालिकेच्या अग्निशमन विभागाशी बोलून दोन दिवस मागून घ्यावेत. मुख्य नियम असा की वायूचा पुरवठा बंद करता येत नसेल, तर ज्योत विझवू नये. आजूबाजूची उपकरणे पाण्याने थंड ठेवावीत. ज्योत विझली आणि वायू वाहत राहिला, तर तो साठून नंतर स्फोट होतो. ज्योत दिसत नसल्याने थर्मल कॅमेरा वापरावा, आणि तो नसेल तर लांब काठीला बांधलेली केरसुणी पुढे धरून चालावे. ज्योत असेल तेथे केरसुणी पेटते. ही युक्ती साधी वाटते, पण ती जगभर प्रत्यक्ष वापरली गेली आहे.

आठवी पायरी : भाषा, मूल्यमापन आणि उमेदवारी

शिकवणे मराठीत असावे, हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी हिंदीचाही आधार घ्यावा. परंतु यंत्रावरील पाट्या, वर्क परमिट आणि अलार्मचे शब्द इंग्रजीत असतात, म्हणून अशा सुमारे दोनशे शब्दांची यादी उच्चार आणि मराठी अर्थासह भिंतीवर लावावी. परमिट भरण्याचा सराव रोज करून घ्यावा, कारण कागद न समजता सही करणे ही आपल्याकडची जुनी आणि जीवघेणी सवय आहे.

मूल्यमापन शक्य तेवढे हाताचे ठेवावे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नोंदवही द्यावी, जिच्यात केलेला प्रत्येक जोड, त्याची चाचणी, दाब, तारीख आणि तपासणाऱ्याची सही असेल. मुलाखतीला प्रमाणपत्राबरोबर ही वही न्यावी. अंतिम परीक्षेत निदेशकाने प्रणालीत तीन दोष लपवून ठेवावेत, ज्यांपैकी एक दोष असा असावा की त्यावर योग्य उत्तर ‘काम सुरू करण्यास नकार’ हेच असेल. जो विद्यार्थी तेथे नकार देत नाही, त्याला पुन्हा बसवावे.

प्रमाणपत्राला राष्ट्रीय मान्यता मिळावी यासाठी २०१५ साली स्थापन झालेल्या स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सच्या पात्रतांशी अभ्यासक्रम जुळवून घ्यावा. उद्योगांसाठी सांगायचे तर, अप्रेंटिस कायदा, १९६१ नुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) घ्यावे लागतात. बुटीबोरीतील ज्या कारखान्यांना ही संख्या तशीही भरायची आहे, त्यांच्याशी पहिल्या तुकडीच्या आधीच बोलणी करावी आणि त्यांच्या देखभाल विभागप्रमुखाला परीक्षक म्हणून बोलवावे. स्वतः तपासलेल्या मुलाला कामावर घेताना त्या माणसाला दुसऱ्या शिफारशीची गरज राहत नाही.

वर्षाचे नियोजन

फेब्रुवारी-मार्चमध्ये कारखान्यांची फिरती आणि पेसोकडे आराखडा, एप्रिल ते जूनमध्ये खरेदी व कार्यशाळेची उभारणी, जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत शिक्षकांचे सहा आठवडे, आणि आयटीआयचे निकाल हाती आल्यावर सप्टेंबरमध्ये तुकडी, असा क्रम ठेवावा. त्यामुळे पाणी आणि नायट्रोजनचे टप्पे पावसाळ्याच्या शेवटी होतात व शुद्ध हायड्रोजनचे काम डिसेंबर-जानेवारीच्या सौम्य हवेत येते. फेब्रुवारीअखेर परीक्षा घेऊन मार्चपासून उमेदवारी सुरू करावी. मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांना दोन दिवस परत बोलवावे आणि ४५ अंशांच्या उन्हात, कोरड्या हवेत, शेडचे तापमान, सिलिंडरचा दाब, रिलीफ व्हॉल्व्ह, अर्थिंगच्या पट्ट्या आणि डिटेक्टरचे कॅलिब्रेशन त्यांच्याकडून पुन्हा तपासून घेऊन त्याच नोंदवहीत लिहवून घ्यावे.